शर्यतीचा वेग आणि विश्रांतीचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून पोहण्याविषयी बोलावे, हे पत्रिका वाचताना काहींना विचित्र वाटले असेल. परंतु विषय आमच्या कामापासून फारसा दूर नाही. काम किती, त्याचे तुकडे किती आणि मधली विश्रांती किती, याच हिशेबात आमची उमर गेली. आणि पन्नाशीपुढच्या स्पर्धक पोहणाऱ्याचा प्रश्न नेमका हाच आहे.

पंचविशीपुढच्या माणसांच्या ज्या स्पर्धा होतात त्यांना ‘मास्टर्स’ म्हणतात. त्यांची पहिली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा १९७० साली टेक्सासमधील अमारिलो येथे झाली आणि जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला. गट पाच-पाच वर्षांचे असतात. सांघिक शर्यतीत तर चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरवितात. म्हातारपण जमेच्या बाजूला धरणारी दुसरी व्यवस्था निदान आमच्या तरी पाहण्यात नाही!

आता आमचे हे स्पर्धक तयारी कशी करतात? सकाळच्या तुकडीत पाऊण तास संथपणे येरझारा घालावयाच्या आणि बाहेर येऊन सांगावयाचे, ‘आज दीड हजार मीटर झाले.’ कारखान्यात नग मोजावे आणि माप पाहू नये, तसला हा प्रकार. संथ पोहण्याने प्रकृती चांगली राहते, मनालाही बरे वाटते. ते कोणी सोडू नये. पण स्पर्धेच्या दिवशी आपण शरीराकडे जो वेग मागतो तो त्याला सहा महिन्यांत एकदाही दाखविलेला नसतो. वेगात हाताची पकड निराळी, श्वास निराळा, पाण्यातली शरीराची ठेवणही निराळी. संथ पोहून माणूस संथ पोहावयास शिकतो.

मग रोज शर्यतीच्याच वेगाने पोहावे काय? सलग पोहाल तर दोन-चार मिनिटांत दम संपेल. येथेच विश्रांतीचा प्रश्न येतो. १९६० साली स्वीडनमधील ओस्ट्रांड पतिपत्नी, क्रिस्टेन्सेन आणि हेडमन या संशोधकांनी जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तासाभरात जड काम एकूण अर्धा तासच, विश्रांतीही तेवढीच. फक्त तुकडे लहानमोठे केले. तीन मिनिटे काम आणि तीन मिनिटे विश्रांती ठेवली तेव्हा माणूस पुरता दमला आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचले. तेच काम अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत दिले तेव्हा आम्ल थोडेच वाढले आणि माणूस तासभर टिकला. एकूण काम तेच, एकूण विश्रांतीही तीच! स्नायूंत साठलेला थोडासा प्राणवायू आखूड कामाला पुरतो आणि आखूड विश्रांतीत तो पुन्हा भरून निघतो, असा त्यांचा उलगडा होता. हा प्रयोग आम्ही वाचला तो पोहण्यासाठी नव्हे. पण उपयोगी पडला तो तलावावर.

सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे ब्रेंट रशाल यांनी २०१० नंतर जी पद्धत मांडली तिच्या बुडाशी हेच तत्त्व आहे. समजा, आपल्याला १०० मीटर १ मिनिट ३६ सेकंदांत पोहावयाचे आहेत. म्हणजे २५ मीटरला २४ सेकंद. सुरुवातीच्या उडीचा फायदा सध्या बाजूला ठेवू. आधी दहा मिनिटे सावकाश पोहून अंग मोकळे करावे. मग २४ सेकंदांत २५ मीटर, १६ सेकंद भिंतीला थांबणे, पुन्हा २५ मीटर. दर चाळीस सेकंदांनी निघावयाचे. अशा तीस फेऱ्या वीस मिनिटांत होतात. म्हणजे साडेसातशे मीटर, आणि सगळे शर्यतीच्या वेगाने. २०० मीटरवाल्याने ५० मीटरचे तुकडे आणि वीस सेकंदांची विश्रांती घ्यावी.

यातला खरा नियम पुढेच आहे. एखादी फेरी २४ सेकंदांत झाली नाही तर पुढची फेरी सोडून द्यावयाची. लागोपाठ दोन चुकल्या, किंवा एकूण तीन चुकल्या, की काम बंद. तीस फेऱ्या बहुधा होतच नाहीत; पहिली चूक बाराव्या फेरीला झाली की पंधराव्या, एवढेच वहीत लिहावे. चूक पुढे पुढे सरकू लागली की प्रगती आहे असे समजावे.

आमच्या तुकडीत सर्वांत जास्त विरोध झाला तो या थांबण्याला. जन्मभर ओव्हरटाइम केलेल्या माणसांना थांबणे म्हणजे अंग चोरणे वाटते. एक फिटर भिंतीला हात लावून घड्याळाकडे पाठ फिरवी आणि पुन्हा निघे! पण थकलेला हात वाकडा पडतो, आणि पन्नाशीनंतर खांदा दुखावला की महिनेच्या महिने जातात. छातीच्या तक्रारी असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्यावाचून या वाटेला जाऊच नये.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते अगदीच पोकळ नाहीत. मायकेल अँड्र्यू हा अमेरिकन पोहणारा या पद्धतीचे जगप्रसिद्ध उदाहरण. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने मिश्रशैलीच्या सांघिक शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पण २०० मीटर वैयक्तिक मिश्रशैलीत तो शेवटच्या ५० मीटरांत मागे पडला आणि पाचवा आला. समुद्रात मैलोगणती पोहणाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये, असे आमचेही मत आहे. परंतु नोकरी, संसार सांभाळून ज्याच्या हाती पाऊण तास उरतो, त्याला त्या वेळेचे याहून चांगले मोल मिळेल असे आम्हांला वाटत नाही.

अडचण आहे ती जागेची. सार्वजनिक तलावाच्या गर्दीत २४ सेकंद पाळणार कसे? समोरून कोणाचे तरी डोके येतेच. आम्ही हिशेब मांडला: पाच-पाच सेकंदांच्या अंतराने चौघे निघाले तर पहिला परत निघण्याच्या आत चौथा भिंतीला लागतो. म्हणजे चौघांना मिळून एकच पट्टी पुरते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे, कडेची एक पट्टी आणि मोठ्या सेकंदकाट्याचे एक घड्याळ, असा अर्ज आम्ही चाळीस सह्यांनिशी केला. घड्याळ लागले आहे. पट्टीबद्दलचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.