काढत गेलं की घर होतं

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथांचा रथ निघतो. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. चांगभलं म्हणत तुम्ही येता, यायलाच पाहिजे. पण एकदा सवड काढा आणि कराडला जा. तिथं जखिणवाडीच्या अंगाला आगाशिवचा डोंगर आहे. त्यात साठाच्या वर लेणी आहेत, बरं का! दोन हजार वर्षांमागं बौद्ध भिक्षूंनी डोंगरात गावच वसवलं म्हणा ना.

तिथं काय बघाल? वेरूळसारखं शिल्प शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. एक खोली, माणूस आडवा होईल एवढा दगडी ओटा, जवळपास पाण्याचं टाकं. संपला संसार! एरवी हे भिक्षू गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे. आपला चातुर्मास आठवा. डोंगरावर पडलेलं पाणी टाक्यात धरायचं आणि पुढं पुरवायचं. पाण्याची किंमत माणदेशातल्या माणसाला मी काय सांगू?

आता नीट ऐका. घर बांधताना आपण आणत जातो. वीट आणा, वाळू आणा, सिमेंट आणा. लेणं कोरताना आणायचं काहीच नाही, नुसतं काढत जायचं. बांधकामाला आधी पाया लागतो, इथं आधी छत कोरतात आणि मग खाली उतरतात. नको तेवढा दगड काढला की राहायला जागा होते. साधनाही अशीच आहे बघा. देव बाहेरून आणायचा नाही. आतला मीपणा काढायचा, की त्याला बसायला जागा होते.

कराडचं जुनं नाव करहाकड. तिथला महिक नावाचा एक लोखंडाचा व्यापारी. त्याचं नाव कुठं सापडतं? घाट उतरून कोकणात, कुड्याच्या लेण्यात! त्यानं तिथं दान दिलं, त्याचा लेख दगडात आहे. आपल्या गावात नाही, आपल्या दारात नाही. ज्यांची पुन्हा गाठ पडेल न पडेल, त्यांच्यासाठी दिलं. त्यानं दिलं म्हणून नाव राहिलं. आणि आपण? काही न देता कोळशानं भिंतीवर नाव लिहून येतो! राहील का हो ते?

तेव्हा जाल तर एवढं करा. भिंतीवर काही लिहू नका. त्या ओट्यापाशी घटकाभर बसा, हातानं मोजा. माणसाला लागते ती एवढीच जागा. मग घरी या. खोल्या चार आणि म्हातारीची खाट पडवीत, असं कुणाकडं असेल तर ती खाट आधी आत घ्या. खोलीत जागा नाही म्हणाल, तर जागा काढायची कशी ते डोंगरानं शिकवलंच आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!