गहू, साबण आणि नाजूक कातडी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आग्रहाने उभे केले म्हणून बोलते. माझी मजल सातवीपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी समजावले आणि डबे-बाटल्या चाळून जे कळले, तेवढेच सांगते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या लेकीने कणीक मळली की तिच्या हातांवर मनगटापर्यंत गांध्या उठत. ‘पोळ्या टाळायचे निमित्त!’ असे चारचौघी म्हणत आणि पोर रडवेली होई. शेवटी तपासणी झाली, गव्हाचे वावडे निघाले. हे खरेखुरे दुखणे आहे, सोंग नव्हे, एवढे तरी आपण बायकांनी मनात धरावे.

आता तुम्ही म्हणाल, गहू खाण्याचा. साबणात कुठून आला? येतो हो! फेस मऊ व्हावा, केस चमकावेत म्हणून गव्हातले प्रथिन फोडून साबणात नि शाम्पूत घालतात. जपानात असाच एक तोंड धुण्याचा साबण फार खपला. रोज तो चोळता चोळता गव्हाचा अंश डोळ्यांच्या, नाकाच्या नाजूक त्वचेतून आत गेला आणि ज्या बायका जन्मभर सुखाने गहू खात होत्या, त्यांना गव्हाचेच वावडे जडले. पाव खाल्ला की डोळे सुजत, कुणाचा श्वास कोंडे. 2011 साली तो साबण परत घेतला गेला; बाधा झालेल्यांचा आकडा दोन हजारांवर गेला.

पण घाबरून सगळ्यांनीच ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेल्या महागड्या बाटल्या घेऊ नयेत. ग्लुटेन म्हणजे कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन. सीलिअॅक नावाच्या आतड्याच्या विकारात ते पोटात गेले तरच बाधते, धड कातडीतून शिरत नाही. अशा बाईने ओठांची लाली, दंतमंजन आणि हाताला लावायचे मलम तेवढे पारखावे, कारण ते तोंडात जाते. आणि नुसती कातडी नाजूक असेल, तर बहुतेक वेळा दोष सुवासाचा किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या औषधाचा असतो. तिथे बिनवासाचा साधा साबण बरा. एक मात्र ध्यानात ठेवा: सीलिअॅकची शंका असेल तर रक्त तपासण्याआधी गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत दुखणे लपते.

वेष्टनावर गहू नेहमीच ‘गहू’ म्हणून येत नाही. ‘ट्रिटिकम व्हल्गेर’ म्हणजे गहू, ‘हॉर्डियम व्हल्गेर’ म्हणजे जव. ही दोन नावे मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली आहेत. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे! नवे मलम आणले की कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर थोडे थोडे लावून पाहावे. पण गव्हाचे वावडे जोराचे असेल, तर हा प्रयोगही घरी नको, डॉक्टरांना विचारावे.

पोरीचे लग्न ठरले तेव्हा उटण्याचा प्रश्न आला. बाजारच्या पुडीत कसले पीठ असेल, कोण सांगणार? मसूरडाळ, तांदूळ आणि आंबेहळद घरीच कुटली. गिरणीत नेली नाही, कारण तिथे आधी गहू दळलेला असतो.