सही करण्याआधी
(लिहिणाऱ्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषण)



लिहायला बळ कुठून आणायचं, यावर सकाळपासून पुष्कळ बोलणं झालं. मी जरा रुक्ष विषय घेते. लिहून झाल्यावर काय?

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि पुढे विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. मधली ९३ वर्षं आपल्या आज्या-पणज्या त्या पुस्तकाशिवायच जगल्या. पुस्तक लिहिलं जाणं वेगळं आणि ते मिळत राहणं वेगळं.

आता मागणीप्रमाणे पाच-दहा प्रतीही छापता येतात. उत्तमच. पण पूर्वी आवृत्ती संपली, की ‘पुन्हा छापा, नाहीतर हक्क परत द्या’ असं म्हणता यायचं. आता आवृत्ती संपतच नाही. चार प्रती काढल्या की पुस्तक ‘उपलब्ध’, आणि हक्क अडकलेलेच!

माझ्या कथासंग्रहासाठी एका प्रकाशकांनी छपाईचा खर्च माझ्याकडे मागितला. वर ई-पुस्तक, बोलतं पुस्तक, अनुवाद, सगळ्याचे हक्क कायमचे त्यांचे. ‘ताई, नेहमीचाच कागद आहे, करून टाका सही.’ मी केली नाही. पुस्तक दोन वर्षं रखडलं, घरच्यांनी ‘फार ताणलंस’ म्हणून ऐकवलं. गंमत बघा, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, आणि स्वतःच्या लेखनाचा कागद मात्र न वाचता देऊन टाकतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम आपल्या कामाचं आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि आपल्या सहीनंच; तोंडी बोलण्यानं ते जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरतेच. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो सुटतो. म्हणून ‘कायमचे’, ‘जगभर’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. ‘वर्षाला इतक्या प्रती विकल्या गेल्या नाहीत तर हक्क परत’ असं वाक्य घालून मागा. प्रकाशक नाराज होतील, काही ऐकतीलही. माझ्या दुसऱ्या प्रकाशकांनी ऐकलं.

करार आणायला सांगितलं होतं. ज्यांनी आणलेत त्यांनी काढा, मोठ्यानं वाचू या.