पाखरांचे पाणी



सुरतेत चबुतऱ्यावर आपण दाणापाणी ठेवतो. पुण्य म्हणा, सवाब म्हणा, काम चांगलेच. परंतु कबुतरांच्या घशात ट्रायकोमोनस नावाचा सूक्ष्म परोपजीवी जंतू वाढतो. घशात पिवळट थर साचतो, दाणा गिळवत नाही, आणि भरल्या चबुतऱ्यावर पाखरू उपाशी मरते. त्याच्या लाळेने पाणी दूषित होऊन जंतू इतरांकडे जातो. असे कबुतर खाणाऱ्या ससाण्यालाही तो गाठतो.

पाळीव पक्ष्याला पशुवैद्य मोजून औषध देतात. रानपाखराने किती घोट घेतले, हे कोण मोजणार? म्हणून पाण्यात औषध कालवू नये. हा जंतू कोरडेपणात टिकत नाही. तेव्हा भांडे रोज घासावे, उन्हात वाळवावे, मगच ताजे पाणी भरावे. आजारी पाखरे दिसली, तर काही दिवस दाणापाणी थांबवावे. हे काम आपल्या मुलांकडे सोपवा, एवढीच विनंती.