इंजिनाला थंडी वाजते तेव्हा

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर ऐकता आहात. मला कार्यकर्त्यांनी वेगळंच काम दिलं आहे. तुमच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि विहिरीवरची इंजिनं हिवाळ्यात जास्त डिझेल का खातात, ते सांगायचं. मी काही इंजिनिअर नाही. कोरडवाहू शेतकरी आहे आणि एक जुनी डिझेल जीप बाळगून आहे. तिच्यापायी मी अकरा क्विंटल कापूस घालवणार होतो, ती गोष्ट आधी सांगतो.

२०१८ चा डिसेंबर. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्याच्या अखेरीस नागपूरला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमच्याकडे तुरीची शेतं करपली. माझी जीप लिटरला १२ किलोमीटर जायची, ती १० वर आली. सकाळी चालू केली की पाच-सात किलोमीटरपर्यंत पांढरा धूर. चढावर ओढ नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे ऑईलची पट्टी ओढली की ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसायचं! मिस्त्रीकडे नेली. त्याने बोनेट उघडलं, धूर पाहिला आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. साठ हजार धरून चाला."

साठ हजार म्हणजे त्या वेळच्या भावाने माझा अकरा क्विंटल कापूस. कापूस घरात होता, भाव वाढायची वाट पाहत होतो. व्यापाऱ्याला निरोपही धाडला होता.

आई चुलीपुढे बसली होती. गाडीचा धूर बघून म्हणाली, "ओल्या लाकडाचा असतो तसा धूर आहे रे हा. जाळ धरतच नाही." मी हसलो. हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावचे एक काका आले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी बोनेट उघडलं नाही. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चाल, फिरवून आण." दहा किलोमीटर गेलो. ते रस्त्याकडे पाहत नव्हते, टेंपरेचरच्या काट्याकडे पाहत होते. घाट चढताना काटा जरा वर सरकला, सपाटीला लागलो की परत खाली बसला. परत आल्यावर म्हणाले, "बाबू, इंजिन गेलं नाही तुझं. इंजिनले थंडी वाजून राहिली."

आता तुम्ही म्हणाल, इंजिन थंड राहिलं तर चांगलंच की! आपल्याला भीती असते ती इंजिन तापण्याची. मे महिन्यात ४५ अंशांत रेडिएटर उकळतो, त्या भीतीने आपण बाराही महिने इंजिन थंड ठेवायला बघतो. इथेच आपली फसगत होते. डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाणी घेऊन जातं. पाण्याने जास्त ओढून नेली तर सिलिंडरची भिंत गार राहते. भिंतीजवळचं डिझेल नीट जळत नाही. तो पांढरा धूर म्हणजे बरंचसं न जळलेलं डिझेल, वासावरून कळतं. उरलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून, रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरतं. माझी पट्टी भरलेली दिसत होती ती त्यामुळे. ते ऑईल पातळ झालेलं होतं, आणि त्याच ऑईलवर माझी बेअरिंगं फिरत होती.

दुसरं, एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन बाहेर जातं. गार असेल तर त्यातलं काही भिंतीवर दवासारखं धरतं. डिझेलमध्ये गंधक असतं, ते या पाण्यात मिसळून आम्ल होतं आणि लोखंड खातं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस.-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग ठेवलं आहे, म्हणून हा त्रास खूप कमी झाला. पण ऑईलमध्ये उतरणारं डिझेल आणि पाणी आजही तसंच आहे.

हे सगळं होऊ नये म्हणून इंजिनावर एक लहान वॉल असतो, थर्मोस्टॅट. रुपयाच्या डबीएवढं काम, पण अक्कल मोठी. आत पितळी डबीत मेण भरलेलं असतं. पाणी गार असेपर्यंत वॉल बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वॉल उघडतो. पाणी गार झालं की स्प्रिंग वॉल परत लावते. ना वायर, ना बॅटरी. किती अंशांला उघडायचं तो आकडा बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेला असतो.

हा वॉल उघडाच अडकला, किंवा कोणी काढूनच टाकला, तर थंडीच्या सकाळी पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातं. गाडी पळाली की गार वारा लागतो, आणि इंजिन कधीच तापत नाही.

पण काकांनी लगेच वॉल खोलला नाही, हे लक्षात ठेवा. ते म्हणाले, आधी काटा खरं बोलतो का ते पाहू. पाणी कमी असेल तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खाली दाखवतो, आत मात्र इंजिन तापलेलं असतं! म्हणून पहिलं काम, गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. मग त्यांनी सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा सरळ वर गेला, म्हणजे मीटर आणि वायर ठीक. (ही युक्ती एका वायरच्या जुन्या सेन्सरची आहे. कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीवर करू नका.)

मग हाताची परीक्षा. सकाळी थंड गाडी चालू केली आणि रेडिएटरची वरची नळी धरून बसले, पंख्यापासून हात लांब ठेवून. वॉल ठीक असेल तर नळी बराच वेळ गारच राहते आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम होते. माझी नळी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागली. काही नव्या गाड्यांत वॉल खालच्या नळीकडे असतो, तिथे आधी जागा बघून घ्यावी.

आज कोणी म्हणेल, तापमान मोजायची बंदूक मिळते. मिळते, आणि तिने काम सोपं होतं. पण २०२० मध्ये कपाळाला लावायची जी बंदूक गावोगाव आली ती इथे चालत नाही, ती तापाचे आकडे सोडून पुढे मोजतच नाही. कारखान्याच्या कामाची वेगळी असते.

ऑईलच्या झाकणाखाली मला दुधाच्या चहासारखी साय दिसली होती. मिस्त्री म्हणाला होता, हेड गॅस्केट गेलं. काकांनी विचारलं, "पाणी किती दिवसांनी टाकतो?" महिना झाला, टाकलंच नव्हतं. पाणी कमी होत नसेल आणि साय फक्त झाकणापाशी असेल तर ती बहुधा गार इंजिनात धरलेल्या दवाची असते. पाणी कमी होत असेल तर मात्र गॅस्केटचा विचार करावाच लागतो.

शेवटी दोन बोल्ट काढून वॉलची डबी उघडली. आत काय निघालं? काहीच नाही. डबी रिकामी!

तेव्हा मला आठवलं. २०१६ च्या मे महिन्यात गाडी उकळली होती. एका मिस्त्रीने, "आपल्या भागात याची गरज नसते," असं म्हणून वॉल काढून फेकला होता, आणि मीच हो म्हटलं होतं. गाडी का उकळत होती ते नंतर कळलं. रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई, गवताची कुसळं आणि धूळ असं गच्च बसलं होतं. ती धुवायचं सोडून आम्ही वॉल काढला. काही इंजिनांत तर वॉल काढला की पाण्याची आतली वाट कायम उघडी राहते, निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता तिथेच घिरट्या घालतं, आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

नवा वॉल साडेतीनशे रुपयांना मिळाला. पॅकिंग, ऑईल, फिल्टर धरून तीन हजाराच्या आत काम झालं. बसवण्याआधी काकांनी तो चुलीवर तपासला. वॉलच्या फटीत दोरा धरून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडला, बुडाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. ८३ अंशांना दोरा सुटून वॉल खाली पडला. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला ठेवायची, आणि हवा जाण्याचं बारीक छिद्र असेल तर ते वर. उलटा बसला तर मेणाला गरम पाणी लागतच नाही आणि इंजिन उकळतं.

कापूस वाचला. पण सगळं वाचलं असं सांगून तुमची दिशाभूल करणार नाही. दोन हिवाळे आणि तिसऱ्याचा निम्मा, एवढ्यात जी झीज झाली ती झाली. २०२२ मध्ये रिंगा बदलाव्याच लागल्या. वेळेवर कळलं असतं तर आणखी काही वर्षं चालल्या असत्या, असं काका म्हणतात.

वाटेत असताना रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात तो उपाय तात्पुरता आहे. निम्मीच जाळी झाका, काट्यावर नजर ठेवा, ऊन चढलं की काढा. पुठ्ठ्याने काटा वर आला तर वॉलवरचा संशय पक्का धरा. ज्यांच्याकडे नव्या गाड्या आहेत त्यांच्या गाडीवर पिवळा दिवा लागतो आणि यंत्रावर पी-०१२८ हा आकडा येतो, म्हणजे पाणी ठरल्यापेक्षा गार. बी.एस.-६ डिझेल गाडीत इंजिन तापलं नाही तर काजळीची चाळणी स्वतःला जाळून साफ करत नाही, आणि तिचं बिल वॉलच्या किमतीच्या कितीतरी पट असतं.

आणि विहिरीवरचं इंजिन. तिथे बहुतेकांकडे वॉल नसतोच, पंपाचंच गार पाणी बारीक नळीने इंजिनातून फिरवून पाटात सोडलेलं असतं. कॉक पूर्ण उघडा ठेवला की इंजिन रात्रभर गारठलेलंच चालतं आणि डिझेल पितं. तो कॉक आवळा. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी हाताला चटका देईल, फार वेळ हात धरवणार नाही, इतपत आवळा. पूर्ण बंद करू नका, आणि अर्ध्या तासाने परत बघा. याला एक पैसा लागत नाही.

मागच्या टेबलावर स्टोव्ह, पातेलं, थर्मामीटर आणि दोन वॉल ठेवले आहेत. एक चांगला, एक उघडा अडकलेला. चहाच्या सुट्टीत दोऱ्याला बांधून तुम्हीच पाण्यात सोडून बघा. ज्यांनी गाडी आणली आहे ते काका संध्याकाळी पाचपर्यंत गेटजवळ आहेत, पण गाडी थंड होऊ द्या, मगच बोनेट उघडा.