पांढरीची माती
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



गावाच्या जमिनीचे आपण दोन भाग मानतो, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात. नदीकाठी कुठे कुठे ओसाड पांढरीचे टेकाड दिसते. तिथे आज घर नाही, दार नाही. पण पाऊस पडून गेला की खापरे उघडी पडतात. अशी टेकाडे पाहायला आम्ही वर्गातली मंडळी एस.टी.ने निघालो. दोन दिवस नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठाने फिरलो.

पहिल्याने गेलो संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी. इथे तांब्याच्या सहा कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. मग १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तिथे खोदाई केली. तांबडी मडकी निघाली. त्यांवर काळ्या रंगाची नक्षी होती. तोटीची भांडीही निघाली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रात पुष्कळ गावी सापडली. म्हणून त्या लोकांच्या राहणीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. हा काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा.

आमच्यातल्या कुंभारदादांनी एक खापर बोटाने वाजवून पाहिले. ते खणखणीत वाजले. दादा म्हणाले, "गुरुजी, भट्टी झकास लागली होती!" मग त्यांनी खापर होते तिथेच ठेवले.

नदीच्या वाटेने खाली गेले की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद लागते. इथे एकावर एक अशा पाच वस्त्यांचे थर सापडले. सर्वांत खालची वस्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. थर कसा होतो? जुने घर पडते. त्याची माती बसते. तिच्यावर नवे घर उठते. जमीन हळूहळू उंच होते. खालचे जुने, वरचे नवे. जशी वहीची पाने.

१९७४ साली इथे एक शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता. त्याला धातूची चार ओतीव चित्रे मिळाली. दोन बैल जोडलेला रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक! पण ती नक्की किती जुनी, यावर जाणत्यांचे अजून एकमत नाही. का बरे? ती मातीत कशी, कोणत्या थरात होती, हे निघण्याआधी कुणी पाहिले नव्हते. यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. पण वहीतले पान सुटे हाती आले, तर ते कोणत्या धड्याचे हे कसे कळावे?

शेवटी नेवाशाला गेलो. ज्ञानोबा माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ते हे गाव. पैस खांबाला नमस्कार केला आणि टेकाडाकडे वळलो. तिथे १९५४ ते १९५६ या काळात खोदाई झाली. घरांच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली आढळली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत मूल. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत दोऱ्याचा अंश शिल्लक होता. हे ऐकून बायामंडळी गप्प झाली. एक मावशी म्हणाली, "लेकरू गेलं, तरी घराबाहेर ठेववंना त्यांच्यानं."

मंडळी, या जोर्वे संस्कृतीच्या लोकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी आपले नाव कुठे लिहून ठेवले नाही. त्यांची हकीकत आहे ती फक्त या मातीत. आणि आपण काय करतो? पांढरीची माती खताला चांगली, म्हणून गाड्या भरून शेतात टाकतो. आता तर यंत्र येते आणि टेकाड बघता बघता सपाट होते. एकदा थर मोडला की पुन्हा लावता येत नाही.

तेव्हा एवढे करा. टेकाड खणू नका. जुनी वस्तू दिसली तर होती तिथेच राहू द्या आणि तलाठ्याला सांगा. १८७८ सालचा कायदाही आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. तो अर्ज लिहायला आता दुसऱ्याच्या दारी जायला नको. आपला आपल्याला लिहिता येतो.

आपल्या शिवारात असे टेकाड असेल, तर मुलाबाळांना घेऊन एकदा पाहून या. येताना हात मात्र रिकामे असू द्या.