साक्षीदाराची पारख





आपल्या बीड जिल्ह्यात कागदपत्रे थोडी आणि आख्यायिका उदंड. त्यांतले काय धरावे, काय सोडावे, हा आपला नेहमीचा पेच. शिया विद्वान याच पेचाशी हजार वर्षे झुंजत आले आहेत. त्यांची परंपरा आपल्याला दूरची नाही. सोळाव्या शतकात बीड ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत होते, तिच्या बुऱ्हाण निजामशहाने शिया धर्मपंडित शाह ताहिर यांच्या प्रभावाने १५३७च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला.

पैगंबर आणि इमाम यांच्याविषयीचे कथन सहसा ‘अमक्याने तमक्याकडून ऐकले’ अशा साखळीसह येते. शिया पंडित या साखळीचा एकेक दुवा तपासतात. हा माणूस खरे बोलणारा होता का? ज्याचे नाव सांगतो त्याची नि याची गाठ पडणे शक्य होते का? अकराव्या शतकात शिया पंडित नजाशी यांनी बाराशेहून अधिक ग्रंथकारांच्या नोंदी केल्या. पुढे इब्न ताऊस आणि त्यांचे शिष्य अल्लामा हिल्ली यांनी कथनांची सहीह (अस्सल), हसन (चांगले), मुवस्सक (विश्वसनीय) आणि जईफ (दुबळे) अशी प्रतवारी रूढ केली.

यातल्या मुवस्सक वर्गापाशी मी आपल्याला थांबवू इच्छितो. सांगणारा आपल्या पंथाचा नाही, पण विश्वासू आहे, असे हे कथन. कूफ्याचा अली इब्न हसन इब्न फद्दाल हा कथनकार फतही पंथाचा होता. इमाम जाफर सादिक यांच्यानंतर या पंथाने वेगळाच इमाम मानला. नजाशींनी हा मतभेद लपवला नाही आणि त्याच्या विश्वासार्हतेची ग्वाहीही दिली. माणसाचा पंथ आणि माणसाचा शब्द त्यांनी वेगवेगळे तोलले.

हीच कठोर नजर पुढे घरच्या कथांकडेही वळली. करबलाच्या रणात इमाम हुसेन यांचा पुतण्या कासिम याचे लग्न लागले, ही कथा लाखो लोकांच्या डोळ्यांत पाणी आणते. हैदराबादेत तिच्या स्मरणार्थ मेंदीची मिरवणूक निघते. करबला घडले इसवी सन ६८० मध्ये. ही कथा पसरली ती फारसी लेखक काशिफींच्या सोळाव्या शतकारंभीच्या ग्रंथातून. मिर्झा हुसेन नूरी आणि मुर्तजा मुतहरी या शिया विद्वानांनीच ती निराधार ठरवली. हुसेन यांच्यावरच्या श्रद्धेपोटीच त्यांनी हे केले.

आता आपल्या दाराशी येऊ. महंमद तुघलकाचा दात बीडजवळ पुरला आणि त्यावर कबर बांधली, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. घटना चौदाव्या शतकातली, त्याचा ग्रंथ सतराव्या शतकारंभीचा. मधल्या पावणेतीनशे वर्षांत हे कोणी कोणाला सांगितले? आज दाखवली जाणारी वास्तू कबर आहे एवढेच सिद्ध करते. आत काय आहे, याची साक्ष ती देत नाही. फरिश्त्याला खोटे ठरवण्याची घाई नको. पण त्याच्या वाक्यापुढे ‘साखळी अपुरी’ असा शेरा हवा.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक तालुक्याने आख्यायिकांची नोंदवही सुरू करावी. सांगणाऱ्याचे नाव, त्याने कोणाकडून ऐकले, कुठे ऐकले आणि त्या कथेत त्याचा काही लाभ आहे का, हे कथेइतकेच काळजीपूर्वक लिहावे. पुजारी असो, मुजावर असो, देशमुखांचा वाडा असो की वस्तीवरची म्हातारी, कसोटी सर्वांना एकच लावावी. आपल्या लाडक्या कथेला ती सर्वांत आधी लावावी.